उसवलेली पिसं

आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी कधी राहिली नाही. तिथं आर्डिथचं मशीन राहतं. माझी पिकअप बारा महिने बाहेर उभी. गारांनी तिच्या टपाला इतके पोचे पाडलेत की धान्याच्या कोठारावरची माणसं विचारायची, व्हर्लिन, हिच्यावर मका भरडतोस काय? घरी येऊन मी कुरकुर केली की आर्डिथ म्हणायची, "पिकअपला थंडी वाजत नाही. माणसांना वाजते."

मशीन म्हणजे गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी चौकट. तिच्या रुळांवर गोधडीचे तीन थर ताणून बसवायचे. खाली अस्तर, मधे कापूस आणि वर तुकडे जोडून शिवलेली चादर. मग लांब मानेचं शिवणयंत्र दोन मुठींना धरून त्यावरून फिरवायचं. कापड जागेवर राहतं, सुई फिरते. काही बायका आखून दिलेल्या नक्षीवरून सुई नेतात. आर्डिथनं कधी खडूची रेघसुद्धा मारली नाही. ती हातानंच पिसं काढायची. एक लांब बाकदार पीस, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेली लहान पिसं, कोपऱ्यावर अलगद वळून पुढं गेलेली. नेब्रास्काच्या आमच्या भागात बाळ जन्मलं, पोरगं शाळा संपवून बाहेर पडलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी अंथरुणाला खिळलं, की बायका घरी चादर जोडायच्या आणि टाक्यांसाठी आमच्या दारात यायच्या. चर्चच्या तळघरात दर बुधवारी जमणाऱ्या बायका बेघर झालेल्यांसाठी गोधड्या करतात, त्याही यायच्या. मी तोंडानं कुरकुरत असलो तरी कुणाच्या पलंगावर ती पिसं दिसली की माझी मान ताठ व्हायची.

गेल्या शरदात, मका वाळून उभा होता तेव्हा, मी गॅरेजात गेलो तर आर्डिथ दोन्ही मुठी धरून नुसती उभी होती. गोधडीच्या मध्यावर पीस वळलं होतं ते पुढं गेलंच नव्हतं. तिथल्या तिथं गोल फिरून, टाक्यावर टाका, टाक्यावर टाका, कापड फळीसारखं कडक झालं होतं.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

मशीनचा पट्टा सरकला असेल, असं मी म्हणालो. तिनं ते मानलं. मशीनच्या बाबतीत आर्डिथनं माझं म्हणणं जन्मात कधी मानलं नव्हतं.

डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं. ते मी घरात उच्चारत नाही. हाताच्या सवयी सगळ्यांत शेवटी जातात, त्या चालू ठेवा, एवढंच त्याच्या बोलण्यातलं मला उपयोगाचं वाटलं. मग मला एकाच गोष्टीची धास्ती बसली. बायकांना कळलं तर चादरी यायच्या थांबतील. वाईट बुद्धीनं नाही, दयेनंच थांबतील, पण थांबतील. आणि सकाळी उठून गॅरेजात जायला कारण उरलं नाही, की आर्डिथ खिडकीजवळच्या कुठल्या खुर्चीत जाऊन बसेल आणि तिथून पुन्हा उठणार नाही, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणून मी उसवायला शिकलो. दुपारी जेवून ती झोपली की गोधडी काखेत मारायची, पिकअप कोठाराच्या मागं नेऊन लावायची आणि टाके उसवायचा आकडा घेऊन बसायचं. माझी बोटं आयुष्यभर नटबोल्टचे पाने आणि साखळ्या धरलेली. तो एवढासा आकडा त्यांत सापडायचा नाही. एकदा तो बोटात घुसला आणि तुकड्यांच्या एका पिवळ्या चांदणीवर रक्ताचा थेंब पडला. आपलं रक्त आपल्याच थुंकीनं निघतं, हे आर्डिथचं शास्त्र. मी थुंकी लावून चोळलं. पुष्कळसं निघालं, पुसट तपकिरी डाग राहिला. उसवलेल्या जागी पिसं काढणं माझ्या बापजन्मी जमलं नसतं, तेव्हा ती बाहेर गेली की मशीनवर जाऊन मी सरळ रेघा मारायचो. सरळ रेघ मला येते, शेतं पेरलीत मी. लांबून बघितलं तर काही वाटायचं नाही, अशी मी माझी समजूत घातली.

थंडीत मार्लिस आली. मार्लिस आमच्या शाळेतली, तिचा नवरा लीलँड सुगीच्या आधी गेला. त्याच्या शर्टांची तिनं चादर जोडली होती, खिशांसकट. लीलँडच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असत. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरची सगळी पोरं त्याच्या खिशाकडं बघत बसायची. मार्लिसला त्या खिशांत गोळ्या ठेवायच्या होत्या, नातवंडांनी हात घातला की सापडाव्यात म्हणून. खिसे तेवढे मोकळे ठेव, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि प्रत्येक खिशाला लाल फितीची टाचणी लावून गेली.

सुईखाली टाचणी आली तर सुई मोडते. आर्डिथनं नेमानं सगळ्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पिसं काढली. फार सुंदर निघाली. एकही खिसा मोकळा राहिला नाही.

मी उसवायच्या आत मार्लिस दारात हजर. गोधडी मेजावर पसरली. ती निळ्या चौकटीच्या खिशात बोटं घालायला गेली आणि बोटं वरच अडली. मग दुसऱ्या खिशावर हात फिरवला, तिसऱ्यावर.

"बरं झालं," मार्लिस म्हणाली. "पोरांचे दात वाचले."

आर्डिथ हसली. मग तिनं गोधडीची घडी घालता घालता विचारलं, "लीलँडला आवडेल ना गं?"

मार्लिसनं घडीचं दुसरं टोक धरलं होतं. ते तिनं सोडलं नाही. "फार आवडेल," ती म्हणाली.

मी तिच्यामागं गाडीपर्यंत गेलो. बर्फ भुरभुरत होतं आणि मला टोपी घालायचंही सुचलं नव्हतं. खिसे मी उसवून देतो म्हणालो. ती नको म्हणाली. मग मी म्हणालो, "मार्लिस, कुणाजवळ बोलू नकोस."

"कशाबद्दल?" तिनं विचारलं, गाडीत बसली आणि गेली.

मार्लिस शब्दाची पक्की निघाली असंच मी धरून चाललो, कारण त्यानंतर चादरी कमी व्हायच्या सोडून वाढल्या. चर्चच्या तळघरातून दर आठवड्याला एक तरी यायची. साधी, खिसे नाहीत, कलाकुसर नाही, मोठ्या मोठ्या तुकड्यांची. मार्लिस स्वतः आणून द्यायची आणि तयार झालेली घेऊन जायची. मी उसवायला पुरा पडेना. काही गोधड्या मी तशाच जाऊ दिल्या, मध्यावरच्या गाठींसकट, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. लोकांना एवढंही दिसत नाही, याचं मला आधी हसू आलं. मग जरा रागही आला, की एवढ्या वर्षांचं तिचं काम यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं की काय.

बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला तेव्हा मार्लिस आणखी एक चादर दारातूनच देऊन गेली. आर्डिथ आत कॉफी करत होती. मी चादर उजेडात झटकली तर पिवळी चांदणी समोर आली आणि चांदणीवर पुसट तपकिरी डाग.

डाग ओळखायला मला वेळ लागला नाही. चादर खिडकीशी धरली. धुतल्यावर सुईची भोकं बुजतात, पण एकाच जागी फार टाके पडले असले तर बुजत नाहीत. मध्यावर भोकांचा गोल दिसत होता, आणि शेजारी भोकांच्या सरळ रेघा, माझ्या. ही चादर आमच्या घरून गोधडी होऊन गेली होती. कुणीतरी तिचा टाकान् टाका काढून, धुऊन, इस्त्री करून परत पाठवली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आर्डिथला यांनी भातुकलीत बसवलं होतं तर. बुधवारच होता. चादर उचलली आणि तडक चर्चच्या तळघरात गेलो.

लांब मेजाभोवती बायका बसल्या होत्या. एका मेजावर टाक्यांऐवजी लोकरीच्या गाठी मारून गोधडीचे थर बांधायचं नेहमीचं काम चाललं होतं. दुसऱ्या मेजावर मार्लिस, म्हातारी फर्न आणि आणखी दोघीतिघी होत्या, आणि त्यांच्या मांडीवर आर्डिथनं मागच्या आठवड्यात केलेली गोधडी होती. सगळ्यांच्या हातात आकडे. फर्ननं मला बघून गोधडीवर मेजपोस ओढायचा प्रयत्न केला. ऐंशीच्या पुढची बाई, तिला ते जमलं नाही.

मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. ती काही लहान पोर आहे का, असं म्हणालो. तुमची करमणूक चाललीय का, असंही म्हणालो. मार्लिसनं हातातला धागा काढून पुरा केला आणि मगच वर बघितलं.

"आर्डिथच्या पिसांत मक्याच्या ओळी कधीपासून उगवायला लागल्या, व्हर्लिन?" ती म्हणाली. "आम्हाला शरदातच कळलं. तुझ्यामुळंच कळलं. तिचं चुकलेलं आम्ही एखादवेळी ओळखलं नसतं. तुझं उसवणं आंधळ्यालाही दिसेल. कापड फाडून ठेवतोस."

"आणि रक्त सांडतोस," फर्न म्हणाली.

मी खाली बसलो. कुणीतरी माझ्यासमोर कॉफी ठेवली. बेघरांच्या गोधड्या पहिल्या मेजावर गाठी मारून वेळेवर जातायत, त्यात खंड नाही, हे मार्लिसनं मला समजावून सांगितलं. आर्डिथकडं जायला म्हणून त्यांनी थोड्या चादरी बाजूला काढल्यात आणि त्याच फिरवत राहतात. नवीन चादरी एवढ्या भराभर जोडून होत नाहीत, उसवणं मात्र होतं. मी कोठाराच्या मागं पिकअपमध्ये जीव तोडून जे लपवत होतो, ते इथं एवढ्या बायका कॉफी पीत करत होत्या, आणि माझ्यापासून लपवत होत्या. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. मी तिथंच रडलो. या गावात पुरुष चर्चच्या तळघरात रडत नाहीत. बायकांनी माझ्याकडं न बघता उसवणं चालू ठेवलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"किती दिवस चालवणार हे?" मी विचारलं.

"कापड टिकेल तोवर," मार्लिस म्हणाली. "विरलं की दुसरं काढू. माझ्या लग्नाची गोधडी तिची आहे. लीलँडच्या शवपेटीवर घातली होती तीही तिचीच. ज्या दिवशी ती मशीनपाशी जाणार नाही, त्या दिवशी आम्ही थांबू. आधी नाही. आता ती चादर घरी ने. ती वाट बघत असेल."

आर्डिथ खरंच वाट बघत होती. गॅरेजात उभी राहून तिनं अस्तर रुळावर चढवलं होतं, कापूस पसरला होता. चादर कुठं नेली होतीस, असं तिनं विचारलं नाही. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ती वर बसवली. सुई खाली सोडायच्या आधी आर्डिथ नेहमी कापडावरून तळवा फिरवते, सुरकुती राहिली का बघायला. फिरवता फिरवता तळवा थांबला. मग ती एका बोटानं चाचपू लागली.

"याच्यावर आधी कुणीतरी टाके घातलेत," ती म्हणाली.

मी माझ्या बाजूची कड ओढून सरळ केली.

"हात चांगला होता. बघ, पिसंच काढली होती." तिचं बोट हळूहळू पुढं सरकत मध्यावर आलं आणि त्या गोलावर फिरत राहिलं. "इथं हरवली बिचारी." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि मग कुणीतरी सगळं उसवून टाकलं. उसवताना तिला सांगितलं असेल का रे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मुठी धरल्या, मशीन कडेला नेलं आणि वाकून सुईचं टोक पहिल्या भोकावर आणलं. एवढं नेमकं ती कित्येक महिन्यांत वागली नव्हती.

"मी तिच्याच रेघेवरून जाते," आर्डिथ म्हणाली. "हरवली तिथंसुद्धा. एकटीच चुकली असं तिला वाटायला नको."

मशीन सुरू झालं. मी दुसऱ्या बाजूनं अस्तर धरून उभा राहिलो. पीस वळत वळत मध्यावर आलं आणि सुई तिथं गोल फिरू लागली, टाक्यावर टाका. मी खिशातला आकडा काढला आणि टाचण्यांच्या डबीत टाकून दिला.