तुमचीच फांदी

प्रवाळ पाळायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घरात आली आणि आम्ही नवरा-बायको घरात जखडलो. रोज पाणी तपासा, रोज भर घाला. लेकीकडे राहायला जायचं म्हटलं तरी प्रवाळ मरतील ही धास्ती.

परवा टाकीचा हीटर बिघडला, पाणी तापलं आणि सगळे प्रवाळ पांढरेफटक पडले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. बायकोने तर बॅगच भरायला घेतली. मी मात्र टाकीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सगळं गेलं.’ तिथेच माती खाल्ली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात ग्रुपमधले दातांचे डॉक्टर, पोस्टमन आणि शिंपीणबाई, हातात पाण्याच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत प्रवाळाची एक फांदी.

“काका, तुमचीच आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही दिलेली आमच्याकडे वाढली, त्यातली तोडून आणली.”

आमच्यात रीतच आहे: प्रवाळ वाढला की फांदी तोडून वाटायची, म्हणजे एकाचा मेला तरी दुसऱ्याकडे जगतो. रीत पाडली कुणी? मीच, शहाण्याने!

शिंपीणबाईंनी नवा हीटरही पुढे केला. “पाच वर्षांची गॅरंटी आहे,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

आत बायको बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होती.