न सोडलेलं गाठोडं

उलकान एनेला अक्षरं फारशी लागत नसत, अंक मात्र लागत. म्हणून तिच्या नातीनं, बेगिमायनं, हवामानाचा प्रोग्राम बनवला तेव्हा त्यात रोजच्या तापमानाचा एकच ठळक आकडा ठेवला. बिश्केकहून कुरणावर येऊन तिनं तो आजीच्या फोनवर घातला, आणि एनेनं वाचलं: उद्या अठ्ठावीस. काढा कात्र्या, ती म्हणाली. शेजारच्या तंबूतली कालबूबू थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, एजे, डोंगरावर ढग बसलाय, दोन दिवस दम धरा. एनेनं तिला ऐकवलं, की तो ढग तुझ्या नवऱ्यासारखाच, नुसता बसतो, करत काही नाही.

त्या दिवशी चाळीस मेंढ्या कातरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ पडलं. कालबूबूच लोकरीचे जाड नमदे घेऊन धावली, निम्म्या मेंढ्या तिनं आपल्या तंबूत घेतल्या. तरी दोन गेल्या. उरलेला कळप अजून लोकरीत होता, आणि चार दिवसांत वरच्या कुरणावर निघायचं होतं.

सकाळी बेगिमाय दोन्ही फोन पुढ्यात घेऊन बसली. तिच्या फोनवर कालचा आकडा उणे दोन होता. आजवर तिनं फक्त याच फोनवर तपासलं होतं.

"मग माझा काय अमेरिकेत चरायला गेला होता?" एनेनं विचारलं.

बेगिमाय खाली मान घालून म्हणाली, "तसंच झालं, एने. फोन प्रोग्रामला एक गाठोडं देतो. त्यात भाषा वेगळी बांधलेली, मुलूख वेगळा. मी ते सोडलंच नाही. सगळंच्या सगळं माझ्या फोनसारखं, किर्गिझ भाषा आणि किर्गिझस्तान असेल, तर आपलं माप. नाहीतर आयत्या ढाच्यातलं अमेरिकेचं, फॅरनहाइटचं; आपले उणे दोन म्हणजे त्यांचे अठ्ठावीस. तुझ्या फोनची भाषा रशियन आहे."

"मुलूख?"

"आपलाच."

एनेनं चहा बाजूला सारला. "कालबूबूचा नवरा रशियन बोलतो, म्हणून तो काय इथला नाही? पाहुण्याला आपण सात पिढ्या विचारतो, पोरी. तू एक धड विचारली नाहीस."

बेगिमाय म्हणाली, पुसूनच टाकते सगळं. एने म्हणाली, पुसायचं नाही, निस्तरायचं. मग नातीनं प्रोग्रामला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला लावले: शब्द भाषेवरून, माप मुलखावरून. एनेच्या फोनवर कालचे उणे दोन उमटले. पण एनेचं तेवढ्यानं भागेना. कुरणावरच्या नऊ तंबूंतले नऊ फोन बघ, ती म्हणाली, आणि कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, चरवी उचलून स्वतः पुढे निघाली.

पहिला तंबू कालबूबूचा. एनेनं चरवी खाली ठेवली.

"आकडा चुकला तो हिचा. तुझं ऐकलं नाही, ते माझं."

कालबूबूनं आपला फोन बेगिमायला दिला. उद्याचा आकडा आला, अठरा. एनेनं तो वाचला.

"तू जरा बाहेर ये," ती कालबूबूला म्हणाली. "डोंगर बघून सांग."

दोघी दाराशी गेल्या. कालबूबूनं डोळ्यांवर हात धरून शिखरं न्याहाळली, चांगली सावकाश, मागचा टोमणा वसूल होईपर्यंत. मग म्हणाली, "कातरा."

तेव्हा कुठे एनेनं कात्री मागवली.