घोडा, गाडी आणि गाडीवान

पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, हो-नाही मानेनं सांगता यायचं, तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा, "उद्या." तहान लागली तरी उद्या, पाठ दुखली तरी उद्या.

तो बस डेपोत मेकॅनिक होता. फावल्या वेळात कॉम्प्युटरवरच्या एका खेळासाठी हलत्या आकृत्या बनवायचा. त्या खेळात ज्यानं त्यानं आपलं जग स्वतःच उभारायचं असतं. वर्षभर खपून त्यानं घोडा, गाडी आणि गाडीवान तयार केले होते. तिघंही झकास हलायचे, पण आपापले. त्यांची एकच आकृती करायची तेवढी राहिली होती.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला आवडीच्या कामाला लावायला सांगितलं, म्हणून एका दुपारी बायकोनं त्याची खुर्ची कॉम्प्युटरपुढे ढकलली. ती शिवणकाम करायची. तीन तुकडे जोडायचे, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं.

जोडल्यावर घोडा चालू लागला आणि गाडीवान जागीच थिजला. असल्या आकृत्या बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर तिनं विचारलं. कुणीतरी कळवलं, की दोघांच्या हाडांना, म्हणजे आकृती ज्यांच्यावर हलते त्या आतल्या सांगाड्याच्या तुकड्यांना, सारखीच नावं दिली असतील, तर खेळ पहिल्याचंच ऐकतो, दुसऱ्याची बदला. तिनं एकेक नाव बदललं. आता गाडीवान लगाम ओढू लागला, पण घोड्याचे पाय धडापासून सुटून मागंच दौडत राहिले.

तो डाव्या हातानं पडद्यावर काहीतरी दाखवत होता.

"हे बदलू? की हे?"

त्यानं दोन्हीला नाही म्हटलं. मग "उद्या, उद्या" म्हणत कपाळावर हात मारून घेतला. त्याला हवं होतं ते विचारायचं कसं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

शेवटी पुन्हा पहिल्यापासून करावं म्हणून तिनं मूळ फाइल उघडली. त्यातही तेच सुटे पाय. मघाशी तिनं सगळं त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं. आणखी कुठं ठेवलंय का, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं हळूच मान हलवली. नाही.

"माझ्या हातून गेलं रे," ती म्हणाली.

तो पडद्याकडेच बघत राहिला. ती शेजारी स्टुलावर टेकली. कॉम्प्युटर बंद करायला तिचा हात धजेना.