अंगणात बसलेला थोरला

सात वर्षं फ्रान्समध्ये मजा मारून, कफल्लक होऊन सत्यदेव एकोणऐंशी साली बेटावरच्या आपल्या शमें ग्रेनिए गावी परतला, तर बापाने त्याच्यासाठी चक्क बोकड कापला! ऊस तोडून आलेला थोरला भाऊ तुलसीराम अंगणातच फुगून बसला.

कुंपणापलीकडून ख्रिस्ती शेजारीण मादाम रोज हसली. “आमच्या बायबलातल्या गोष्टीतला थोरलाही, उधळ्या भावाला मेजवानी मिळाली म्हणून, असाच बाहेर रुसतो.”

“मग गेला का आत?”

“ते येशूने सांगितलंच नाही.”

आत फेर धरून झाकरीची गाणी सुरू झाली. सत्यदेवने ढोलकी घेतली आणि दुसऱ्याच ठेक्याला चुकला. तुलसीराम ताडकन उठला.

“गाढवा, सात वर्षं तुझी ढोलकी ऊन दाखवून जपली, ती अशी बडवायला? सरक!” ओरडत त्याने उंबरा ओलांडला.

मादाम रोजने छातीवर क्रुसाची खूण केली. “गेला बाई आत एकदाचा!”