पंखाच्या चार पट्ट्या

शुक्रवारी सकाळी सात वाजता आखातातल्या खैतान वस्तीतल्या खोलीत शत्रुघ्नचा डबा धाडकन खाली आला. मुंग्या लागू नयेत म्हणून तो भिंतीवरच्या हुकाला टांगलेला असे. हूक शत्रुघ्ननेच केलेला, विमानाच्या उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून. बरोबर जिथे वाकवला होता तिथेच तुटला होता.

"विमानाक पण ह्योच पत्रो लावलंस काय रे?" सांडलेल्या भाताकडे बघत हरिश्चंद्रने विचारलं. खोलीतले बाकीचे पाचही जण खो खो हसले.

शत्रुघ्न हसला नाही. डब्यात पाऊण किलो भात होता. विमानात डॉक्टर बसणार होते, आणि तेही नऊ वाजता.

जवळच्याच फिंतास भागातले हाडांचे डॉक्टर आशय सबनीस यांनी चार वर्षं खपून घरामागच्या शेडमध्ये विमान बांधलं होतं. हाडांच्या डॉक्टरने विमान बांधावं यात ओळखीतल्या कुणाला वावगं वाटलं नाही. पडलंच तर इलाज घरचाच होता.

पंखांचे दांडे धडाला धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्या शत्रुघ्नने केल्या होत्या. मीना अब्दुल्ला भागातल्या एका कारखान्यात तो वीस वर्षं एसीचे डक्ट बनवत होता, आणि त्याचा कोपरा पाकिटाच्या घडीसारखा कडक, अशी त्याची ख्याती होती. डॉक्टरांनी त्याला गोल कडेचा लाकडी ठोकळा दिला. "पत्रा ह्याच्यावरच वाकवायचा." शत्रुघ्नला तो अपमान वाटला. गोल कोपरा नवशिके काढतात. त्याने ठोकळा बाजूला ठेवला, आपल्या धारदार लोखंडी कडेवर पट्ट्या वाकवल्या आणि वर जाड रंग दिला. डॉक्टर खूश झाले. त्यांना हाडातलं कळे, पत्र्यातलं तेवढं नाही. "ठोकळ्यावरच केल्या ना?" त्यांनी विचारलं होतं. "तर काय!" शत्रुघ्न म्हणाला होता.

डॉक्टर फोन उचलेनात. रॉकेलची बाटली आणि हरिश्चंद्रचा पावडरचा डबा घेऊन शत्रुघ्नने टॅक्सी पकडली. वाळवंटातल्या धावपट्टीवर तो पोचला तेव्हा इंजिन सुरू होतं आणि डॉक्टरांच्या पत्नी, कुसुमताई, कॅमेरा लावून उभ्या होत्या.

"साहेब, बंद करा जरा! पट्टीचा रंग उडालाय!"

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून इंजिन बंद केलं. शत्रुघ्नने एका पट्टीचा रंग खरवडला, रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, वर पावडर भुरभुरवली. भेग असली तर आत मुरलेलं रॉकेल पावडरीवर ओली रेघ काढतं. मग तोंडाने काही सांगावं लागत नाही. एक रेघ, देवा, केसाएवढी चालेल, तो मनात म्हणाला. दहा मिनिटं गेली. पावडर पांढरीशुभ्र. दुसरी पट्टी. तीही पांढरीशुभ्र.

"झालं तुझं समाधान?" डॉक्टर पुन्हा आत बसले. "वारा वाढतोय."

"शत्रुघ्नभाऊ, सरका, पंखा फिरेल," कुसुमताई ओरडल्या.

शत्रुघ्न विमानाच्या नाकावरच्या पंख्यासमोरच उभा राहिला. डॉक्टरांचा हात चावीवर गेला.

"ठोकळ्यावर नाही वाकवल्या, साहेब!"

"काय?"

"माझ्या लोखंडावर वाकवल्या. कोपरा झकास दिसावा म्हणून. खोटं बोललो तुमच्याशी. ह्याच पत्र्याचा हूकही तसाच वाकवला होता, तो सकाळी कोपऱ्यातच तुटला."

"अरे, पण भेग कुठे दिसतेय?"

"हुकालाही काल दिसत नव्हती."

डॉक्टरांनी चावी काढली आणि त्यांचे पेशंट उतरतात तसे, एकेक पाय जपून टाकत, खाली उतरले. मग चाकावरच बसले.

"एवढंच सांगायचं होतं, तर अर्धा तास पावडर कसली लावत होतात?" कुसुमताईंनी विचारलं. शत्रुघ्न पट्टीवरची पावडर पुसू लागला.

डॉक्टर म्हणाले, "उद्या संध्याकाळी शेडमध्ये ये. चारही नव्याने. मी समोर उभा राहणार."

वीस वर्षांत शत्रुघ्नच्या कामावर नजर ठेवायला कुणी उभं राहिलं नव्हतं. शिव्या घालून हाकललं असतं तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं, आणि पहिल्या पट्टीचा बोल्ट सोडवायला पाना मागितला.