आधी माझी वाटी उकळा

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे मशीन आहे. बोईसरच्या एका चाळीत, गोजराबाईंच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. त्यांची मुलगी उत्कर्षा लहान होती, तिला दम लागायचा, म्हणून मला घरी आणले. मी घरघरू लागलो की औषधाचे धुके तिच्या छातीत उतरे आणि पोर शांत झोपे. तेव्हा माझे केवढे कौतुक होते. पुढे ती बरी झाली आणि मी साऱ्या चाळीचा झालो. इथे कुणाचे ना कुणाचे मूल खोकतच असते. मला नेताना सगळे हातांवर झेलत नेत. परत करताना मात्र वायर गुंडाळली की संपले. औषधाची माझी इवलीशी वाटी कोण धुतो?

काही दिवसांपूर्वी मला पुन्हा खाली काढले, ते सुकट्यासाठी. सुकट्या हा या घरचा कुत्रा. शेजारच्या नर्मदामावशींनी तो मुरबे गावाहून आणून दिला, तेव्हा अगदी सुकटीसारखा वाळलेला होता, म्हणून हे नाव. यंदा त्याचे शरीर आपलेच रक्त नासवू लागले. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रक्त सावरले, पण रोगाशी झुंजायची ताकदही दबली. मग एरवी कुणाचे फारसे वाकडे न करणारे जंतू त्याच्या फुप्फुसात घर करून बसले. खोकून खोकून तो निपचित पडला. डॉक्टरीणबाईंनी औषधे बदलली आणि सलाइनची वाफही द्यायला सांगितली.

उत्कर्षाने घाईघाईने माझी वाटी जोडली आणि मला धडकी भरली. वाटीच्या तळाशी जुन्या पाण्याचा बुळबुळीत थर होता. मी सुरू झालो की ती घाण धुके होऊन थेट सुकट्याच्या छातीत जाणार होती. आणि हे सांगायला मला तोंड कुठे आहे?

"लाव की लवकर, जीव कासावीस झालाय त्याचा," गोजराबाई म्हणाल्या. उत्कर्षाचा हात बटणाकडे गेला.

"थांब गो पोरी." दारात नर्मदामावशी उभ्या होत्या. त्यांची मान खाली होती. "माज्या नातवाला लावलेला. वाटी आमी धुतलीच नाय. तशीच आनून दिली."

गोजराबाईंनी पातेले गॅसवर ठेवले. वाटी आणि मास्क उकळून, स्वच्छ फडक्यावर सुकेपर्यंत सुकट्याची बरगडी न् बरगडी वरखाली होत होती, आणि मी नुसता बसून होतो. अशी वेळ कुणावर येऊ नये. शेवटी मी घरघरलो. त्या आवाजाने तो अंग चोरू लागला, तेव्हा मावशींनी त्याचे डोके मांडीवर धरले.

आता तो उठून बसतो. काल बोंबलाचा तुकडाही खाल्ला. पण ताकद दाबणाऱ्या गोळ्या चालूच आहेत, त्यामुळे माझी काळजीही चालूच आहे. मित्रांनो, मला उसने जरूर न्या, पण परत देताना माझी वाटी धुऊन, उकळून, सुकवून द्या. पुढच्याच्या अंगात झुंजायची ताकद उरली आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊक नसते.

नर्मदामावशी हल्ली रोज येतात. वाटी त्या स्वतः उकळतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.