सिल्वेरने रम नावाजली

माझ्या भावाच्या घरात मला आजवर कुणी पाणी पाजलं नव्हतं. ते काम त्याच्या पोटच्या पोरीनं केलं, आणि वर मलाच गप्प बसवायला निघाली!

आनातोलला झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून त्याच्या ओसरीवरची रविवारची बैठक बंद होती. मी शेजारीच राहते, तो किती झुरला ते मी पाहिलंय. या रविवारी चर्चमधून निघताना त्यानं जुन्या मित्राला, सिल्वेरला, स्वतःच्या तोंडानं बोलावलं, "जेवणाआधी ये. टेबल मांडतोय." पेशंटसारखं पडून न राहता घरधन्यासारखं बसायचं, एवढंच त्याला हवं होतं.

टेबल मांडायचं म्हणजे पांढऱ्या रमची बाटली, उसाचा पाक, लिंबं आणि सुरी. आमच्या मार्तिनिक बेटावर या रमचा पंच, म्हणजे जेवणाआधीचा पेला, ज्याचा त्यानं करायचा. लिंबू आपण कापायचं, आपण पिळायचं, पाक जिभेला विचारून आणि रम आपल्या हिमतीवर. दुसऱ्याचा पेला भरायला जाणं म्हणजे त्याला कुकुलं बाळ ठरवणं. यजमान नुसती बाटली ठेवतो आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतःचं घेतो. त्याची काय ती अब्रू त्या बाटलीत.

सोलांज, त्याची मुलगी, आजारपणासाठी पॅरिसहून आलेली. खाऱ्या माशाची गरम भजी घेऊन आली ती बर्फाचं भांडंही घेऊन.

"आत्या, बर्फ घालू?"

"बर्फ बाजारातल्या मासळीवर घाल," मी म्हटलं.

पंच ढवळला, घोट घेतला, आणि माझं डोकंच फिरलं. पाणी! निम्मी बाटली पाणी! मी सोलांजकडे पाहिलं. तिनं मानेनं बापाकडे खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे बाईसाहेबांचीच करामत. बापाला दारू झेपणार नाही म्हणून बाटलीच बाटवून ठेवली होती, आणि ती त्या बिचाऱ्यानं भरल्या ओसरीवर आपल्या हातानं पुढे केली होती.

थांब म्हटलं, आता सिल्वेर पिईल. सिल्वेर कोळी माणूस, तोंडाचा फाटका. चाळीस वर्षं हा या ओसरीवर येतोय आणि चाळीस वर्षं आनातोलच्या रमला नावं ठेवतोय. कधी म्हणायचा, बोटीच्या इंजिनात ओत. कधी म्हणायचा, हिनं जखमा धू. मग आनातोल त्याला आईबापावरून शिव्या द्यायचा आणि दोघं जेवणाची वेळ टळेपर्यंत खिदळत बसायचे.

सिल्वेरनं घोट घेतला. त्याच्या भुवया वर चढल्या. मग त्याची नजर आनातोलच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे गेली, आणि तो गोडसं हसला.

"वा, आनातोल. छान आहे हो रम."

'आहे हो' म्हणाला मेला! कानाखाली द्यावीशी वाटली मला. मुलीनं फसवलं ते फसवलं, आता मित्रही कीव करायला लागला.

आनातोल डाव्या हातानं आपलं लिंबू दाबत होता. त्यानं ते खाली ठेवलं.

"सिल्वेर, काय म्हणालास?"

"छान आहे म्हटलं."

"डॉक्टर काय म्हणाला तुला?"

"मला? मला कशाला काय म्हणेल?"

"माझ्या रमला तू छान म्हणालास. मी किती दिवसांचा सोबती आहे ते सांगून टाक."

सिल्वेरचा चेहरा पडला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी कशाला वाचवू त्याला? शेवटी त्यानं पेला दाणकन आपटला.

"मरत नाहीयेस तू, गाढवा! पाणी आहे हे! बेडूक पोहतील यात!"

आनातोलनं बाटलीलाच तोंड लावलं आणि थुंकला. मान लाल झाली. सोलांज रडायलाच लागली. "पपा, तुमच्याच भल्यासाठी..."

"माझ्या दारी आलेल्या माणसाला पाणी पाजलंस! एर्मांस, कपाटातली सीलबंद बाटली आण."

मी धावले. सिल्वेरनं नवीन पंच केला, प्यायला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ऊस कापला होता की गवत?" आनातोलच्या तोंडून अशी शिवी निघाली की मी क्रूसाची खूण केली. मनातून गार वाटलं मला.

मग आनातोलनं स्वतःचा पेला उचलला आणि टेबलावर उपडा घातला.

"पपा, तुम्ही नाही घेणार?" सोलांजनं डोळे पुसत विचारलं.

"नाही. डॉक्टर 'दारू बंद' बोलला तेव्हा हात गेला होता माझा, कान नव्हते गेले."

"मग मी नको म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

"एकदा म्हणून तर बघायचं होतंस," आनातोल म्हणाला, आणि भज्यांची बशी त्यानं डाव्या हातानं सिल्वेरकडे सरकवली.